जंत पोटात नाही, अंगणात थांबवायचे
(गावात नव्याने घर मांडणाऱ्यांसाठी)

मी कोकणात आरोग्यसेविका म्हणून बरीच वर्षं काढली. एका दिवाळीच्या सुमाराला मुंबईचं बिऱ्हाड आवरून गावी कायमचं राहायला आलेलं एक जोडपं उपकेंद्रात आलं. मे महिन्यात आले होते, सोबत चार वर्षांची मुलगी. आईने वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून एक जंत आणला होता. वीतभर लांब, फिकट गुलाबी, दोन्ही टोकांना निमुळता. रात्री मुलीच्या शीतून पडलेला. ती बिचारी रडवेली झाली होती. "बाई, आमच्याकडे लाद्या बसवलेला संडास आहे, आम्ही कोणीच बाहेर जात नाही. मग हे आलं कुठून?"

मी गोळी दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. मागच्या दाराशी पाच मिनिटं उभी राहिले आणि उत्तर मिळालं. मुलीच्या धाकट्या भावाची शी आजी फडक्यात गोळा करायची आणि केळीच्या बुडात टाकायची. कोंबड्या ती उकरायच्या. त्याच केळीखाली मुलीने करवंट्यांची भातुकली मांडली होती. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगो बाय, बाळाचां कसला तां, दुधाचांच नाय काय!"

त्या घराला जे सांगितलं तेच इथे क्रमाने सांगते. गोळी महत्त्वाचीच आहे, पण ती पोट रिकामं करते. अंगण जर तसंच राहिलं तर काही महिन्यांत पोट पुन्हा भरतं. माणसाची विष्ठा उघड्या मातीला लागू द्यायची नाही, एवढं एक काम घराने नेटाने केलं तर जंतांची वाट तिथेच तुटते. बाकीच्या पायऱ्या त्याला जोड म्हणून.

पायरी १ : जंत येतो कसा, ते आधी समजून घ्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १५० कोटी माणसांच्या पोटात मातीतून येणारे जंत आहेत. तेव्हा जंत निघाले म्हणून लाज वाटायचं कारण नाही. मुख्य जाती तीन.

गोलकृमी म्हणजे त्या आईने आणलेला. एक मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत आणि विष्ठेतून बाहेर पडतात. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ताज्या विष्ठेतलं अंडं लगेच कोणाला बाधत नाही. ओलसर, सावलीच्या मातीत ते दोन ते चार आठवडे पडून राहिलं की आत अळी तयार होते, आणि मग ते तोंडात गेलं की जंत होतो. म्हणजे मातीत पडून राहणं ही त्या अंड्याची गरज आहे. ती जागाच मिळाली नाही तर पुढचं काही घडत नाही. आणि एकदा मिळाली तर तेच अंडं मातीत वर्षानुवर्षं तग धरतं. पोटात गेलेली अळी आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात येऊन पुन्हा गिळली जाते. म्हणून काही मुलांना सुरुवातीला कोरडा खोकला येतो. या सगळ्या फेऱ्याला दोन-तीन महिने लागतात. मे महिन्यात आलेल्या मुलीच्या शीत दिवाळीला जंत दिसला, तो हिशोब असा जुळतो.

अंकुशकृमी सेंटीमीटरभर, पण सगळ्यांत घातकी. याला तोंडावाटे यावं लागत नाही. विष्ठेतली अंडी मातीत एक-दोन दिवसांत फुटतात, आठवडाभरात अळी तयार होते आणि ती अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. पायाच्या बोटांच्या बेचक्यात खाज आणि पुरळ उठतं, ते बहुतेक जण चिखल्या समजून सोडून देतात. हा जंत आतड्याला चावून रक्त पितो. शेकडो असले की बाई पांढरीफटक पडते, जिना चढताना धापा टाकते. नारळ-पोफळीच्या आगरात दिवसभर अनवाणी काम करणाऱ्या बायकांच्या खालच्या पापण्या ओढून आतून फिकट दिसतात का बघा, असं मी नव्या आशाताईंना नेहमी सांगायचे.

तिसरा चाबूककृमी. त्याची वाट गोलकृमीसारखीच, तोंडावाटे.

रात्री गुदद्वाराशी खाज सुटते ते जंत वेगळे. पांढऱ्या दोऱ्याच्या बारीक तुकड्यांसारखे, त्यांना सूतकृमी म्हणतात. ते मातीतून येत नाहीत. खाजवलेल्या नखांतून, चादरीतून घरातल्या घरात फिरतात. गूळ-साखर खाल्ली म्हणून जंत होतात, मूल झोपेत दात खातं म्हणजे जंतच आहेत, या दोन्ही समजुती सोडून द्या. गोड खाण्याने जंत तयार होत नाहीत, अंडं किंवा अळी बाहेरूनच यावी लागते.

पायरी २ : मागच्या दाराला एक फेरी मारा

वही-पेन नको, सकाळी पंधरा मिनिटं पुरेत. बाळाची शी कुठे जाते? दुपटी कुठे धुतात, आणि ते पाणी कुठे वाहतं? संडासाच्या टाकीतून एखादा पाइप उघड्या गटारात सोडलाय का? म्हाताऱ्या माणसांना रात्री लांबच्या संडासापर्यंत जाता येतं का, की तीही गडग्याच्या आडोशाला बसतात? आगरात कामाला येणारे गडी कुठे जातात? ही शेवटची चौकशी मालकांना अवघड वाटते, पण गड्यांना संडास वापरू दिला नाही तर त्यांची विष्ठा तुमच्याच आगरात पडणार आणि तुमच्याच घरातली माणसं तिथे अनवाणी फिरणार.

शेणाने सारवलेल्या खळ्याला, म्हणजे घरापुढच्या अंगणाला, मात्र दोष देऊ नका. हे जंत पसरतात ते माणसाच्या विष्ठेतून, गाईच्या शेणातून नव्हे. शहरातून आलेली माणसं खळं फोडून काँक्रीट ओततात आणि बाळाची शी मात्र केळीतच जात राहते, असंही मी पाहिलंय.

पायरी ३ : बाळाची शी संडासात

ही पायरी मी संडास बांधण्याच्या आधी मुद्दाम घेतली आहे, कारण संडास असलेल्या घरांतही नेमकी हीच राहून जाते. २०१६ च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांत आमचा सिंधुदुर्ग देशात पहिला आला. आम्हाला केवढा आनंद झाला होता! पण घरोघरी संडास झाले म्हणजे घरातल्या प्रत्येकाची विष्ठा त्यात जाते असं नाही. अंगावर दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या शीत जंतांची अंडी सहसा नसतात हे आजीचं अर्धं खरं. पण बाळ रांगायला लागलं, माती तोंडात घालायला लागलं की ते दूधपितं राहत नाही. आणि तोवर घराला टाकायची जागा ठरून गेलेली असते. म्हणून सवय पहिल्या दिवसापासून.

फडक्यातली शी संडासाच्या भांड्यात झटकायची आणि पाणी ओतायचं. दुपटं बादलीत धुवायचं, विहिरीच्या कट्ट्यावर किंवा वहाळावर नाही, आणि पहिलं घाण पाणी संडासातच ओतायचं. दुपटी कडक उन्हात वाळवायची. विकतचं डायपर असेल तर आतली शी संडासात टाकून मग डायपर कचऱ्यात. डायपर भांड्यात टाकलं तर पाइप तुंबलाच समजा. मूल बसू लागलं की प्लास्टिकची पॉटी आणा. बाळाला धुतल्यावर धुणाऱ्याचे हात साबणाने धुतले जातात का, हेही बघा. बहुतेक घरांत त्या हाताने नुसतं पाणी घेऊन लगेच भाकरी थापायला घेतात.

आजींशी भांडू नका. मी त्या आजींना काही उपदेश केला नाही. कागदातला जंत त्यांना दाखवला, नातीच्या पोटातून निघालाय म्हटलं, आणि केळीकडे बोट दाखवलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. नंतर त्या घरात शी संडासात टाकायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं.

पायरी ४ : संडास बांधायचा तर दोन शोषखड्ड्यांचा

गवंडी तुम्हाला 'सेफ्टी टँक'चा, म्हणजे सेप्टिक टँकचा आग्रह करील. मोठी टाकी, मोठा खर्च, आणि वर पाइपातून वास. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यालाही वेगळा शोषखड्डा लागतोच, तो न करता पाणी गटारात सोडलं की जंतांची अंडी आणि जुलाबाचे जंतू गावभर. शिवाय टाकी भरली की ताजा मैला उपसायला गाडी बोलवा, आणि ती गाडी तो कुठे नेऊन ओतते ते कोणी विचारत नाही. गावातल्या साध्या घराला दोन शोषखड्डेच बरे. एक भरला की दुसरा वापरायचा, तोवर पहिल्यातल्या मैल्याचं खत होतं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैल्याचं खत करण्याची गोष्ट कोकणात किती आधीपासून लावून धरली होती, ते जुन्या माणसांना आठवत असेल.

रचना साधी. भांडं तीव्र उताराचं घ्या, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. भांड्याखाली कोंबडा, म्हणजे वाकवलेली नळी बसते. त्यात २० मिलिमीटर पाणी कायम अडून राहतं, म्हणून वास आणि माश्या वर येत नाहीत. कोंबडा बसवला की वास काढायचा उंच पाइप लागत नाही. पुढे एक छोटा चेंबर, त्यातून इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन फाटे, एकेक खड्ड्याकडे. एका वेळी एकच फाटा उघडा, दुसरा वीट आणि मातीने बंद. गवंड्याने दोन्ही उघडे ठेवले तर दोन्ही खड्डे एकदम भरतील आणि सगळा खटाटोप फुकट. काम चालू असताना तिथे उभं राहून हे बघा.

पाच-सहा माणसांच्या घराला साधारण ३ फूट व्यासाचा, ४ फूट खोल असे दोन गोल खड्डे पुरतात. खोल खणायचा मोह आवरा. दोघांत निदान एका खड्ड्याच्या खोलीइतकं अंतर हवं. आतून जांभ्याचे चिरे किंवा विटा लावायच्या, पण जाळीसारख्या फटी ठेवून, आणि तळ मातीचाच. पाणी त्या फटींतून जमिनीत मुरतं, वायू मातीत शोषला जातो. वर घट्ट बसणारं झाकण.

कोकणात खरी अडचण विहिरीची. दर परसात विहीर, आणि जांभ्याच्या भेगांतून पाणी भराभर पळतं. म्हणून इथे विहिरीपासून निदान ५० फूट लांब, आणि विहिरीच्या खालच्या उताराला. शेजाऱ्याची विहीरही धरून. जागा ठरवायची ती उन्हाळ्यात नाही, श्रावणात विहिरीला पाणी कुठवर येतं ते बघून. पावसाळ्यात पाणी खड्ड्याच्या तळाला लागत असेल तर खड्डा उथळ घ्या, वर उचलून बांधा आणि भोवती मातीचा भराव घाला. जमीन फारच भेगाळ असेल तर खड्ड्याभोवती दीड फुटाचा बारीक रेतीचा थर द्या आणि तळ पक्का करा, रेती गाळणीचं काम करते.

न्हाणीघराचं पाणी या खड्ड्यात सोडू नका, ते वेगळं परसबागेला. अॅसिड किंवा फिनेल ओतू नका, त्याने मैला कुजवणारे जिवाणू मरतात. घासायला ब्रश आणि थोडी साबण पावडर पुरते.

पैशांची अडचण असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. स्वच्छ भारत अभियानात पात्र कुटुंबाला वैयक्तिक संडासासाठी १२,००० रुपये प्रोत्साहन मिळतं.

शेतावर, लांब मळ्यात संडास नसतो हे मला कळतं. तिथे खुरपं जवळ ठेवा, पायवाटेपासून आणि पाण्यापासून लांब फूटभर खोल खड्डा, आणि वर पुरती माती.

पायरी ५ : हात, नखं, चप्पल

संडासाच्या दाराशीच साबण आणि पाणी हवं. चार पावलं लांब असलं की माणूस कपड्याला हात पुसतो. नळ नसेल तर पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा दोरीने टांगा, तोंडाजवळ छोटं भोक पाडा, तोंडाला दुसरी दोरी बांधा आणि तिच्या खालच्या टोकाला जमिनीलगत एक काठी बांधा. पायाने काठी दाबली की डबा कलतो आणि धार पडते, मुलांना ही गंमतच वाटते. साबण अंडं मारत नाही, चिकटलेलं अंडं हातावरून सोडवतो. म्हणून चोळणं महत्त्वाचं, नुसता फेस नव्हे. संडासानंतर, बाळाला धुतल्यावर, स्वयंपाकाआधी आणि जेवणाआधी.

नखं आठवड्यातून एकदा, वार ठरवून. अंगणात खेळून आलेल्या मुलाचं एक नख टूथपिकने कोरून पांढऱ्या बशीत पाण्यात झटका. जो काळा गाळ तळाला बसतो, तो मुलाच्या आईला एकदा दाखवलात की पुढे सांगावं लागत नाही.

संडासाला वेगळी चप्पल, आणि आगरात, भाताच्या खाचरात गमबूट. चिखलात गमबूट घालून लावणी करता येत नाही असं बायका म्हणतात, आणि ते खरंही आहे. म्हणूनच खाचराच्या बांधावर कोणी बसणार नाही, हे वाडीने मिळून ठरवावं लागतं.

पायरी ६ : पाणी आणि पाला

विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकली म्हणजे सगळं झालं असं समजू नका. टीसीएल जुलाब-कावीळ यांच्या जंतूंसाठी हवीच, पण गोलकृमीच्या अंड्याचं कवच एवढं जाड असतं की पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरत नाही. उकळल्याने मरतं. विहिरीला कठडा असावा, पोहरा आणि दोरी जमिनीवर न टेकता आकड्याला टांगलेली असावी. चिखलात लोळलेली दोरी पाण्यात गेली की कठड्याचा उपयोग काय? घरात हंड्यातलं पाणी ओगराळ्याने काढा, तांब्या धरलेली बोटं पाण्यात बुडतात.

कोथिंबीर, मुळा, काकडी, गाजर, कच्चं खायचं ते सगळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्यावर भिस्त नको, अंडी त्याने मरत नाहीत. साल काढता येईल ते सोलून, शिजवता येईल ते शिजवून. बाजारातल्या पालेभाजीला कुठलं पाणी दिलंय ते आपल्याला माहीत नसतं.

पायरी ७ : गोळी

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १० फेब्रुवारीला अंगणवाडीत आणि शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात, आणि बऱ्याच ठिकाणी ऑगस्टमध्ये दुसरी फेरी असते. शाळेत न जाणाऱ्या मुलांनाही अंगणवाडीत मिळते. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी, त्यापुढे पूर्ण, ४०० मिलिग्रॅम. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाची गोळी दोन चमच्यांत पूड करून पाण्यातून द्यायची, आख्खी कधीही नाही, घशात अडकते. मोठ्या मुलांनी चावून खायची. मूल त्या दिवशी तापाने आजारी असेल तर थांबा, काही दिवसांनी राहिलेल्या मुलांसाठी पुन्हा एक दिवस असतो.

पोटात जंत जास्त असले तर गोळीनंतर थोडी मळमळ, पोटदुखी, एखादी उलटी होते आणि जाते. दर वर्षी कुठे तरी अशी बातमी पसरते आणि आया मुलांना शाळेत पाठवत नाहीत. घाबरू नका, गोळी काम करते आहे. गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत गोळी घ्यायची नाही, चौथ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत आरोग्य केंद्रातून विचारून घ्यायची. तिला माती, पाटीची पेन्सिल खावीशी वाटत असेल तर रागावू नका, हिमोग्लोबिन तपासा. सूतकृमी असतील तर घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, नाहीतर एकाकडून दुसऱ्याकडे फिरतच राहतात. वावडिंगाचं पाणी आजीने दिलं तर द्या, पण गोळीच्या जागी नको.

पोट फुगून दगडासारखं झालं, उलट्या थांबत नाहीत, शी आणि वारा दोन्ही बंद, असं दिसलं तर घरी काहीही न पाजता लगेच ग्रामीण रुग्णालयात. जंतांचा गुंता आतड्यात अडकलेला असू शकतो.

पायरी ८ : खड्डा बदलताना

पहिला खड्डा भरायला काही वर्षं जातात. भरला की चेंबरमधली वीट काढून दुसऱ्या फाट्याकडची वाट मोकळी करायची आणि पहिली बंद करायची. भरलेला खड्डा पूर्ण दोन वर्षं उघडायचा नाही. शेजारी म्हणतील सहा महिन्यांत सुकलं, काढून टाका. सुकतं खरं, पण गोलकृमीची अंडी मरायला वेळ लागतो आणि घाई केली तर तीच अंडी आपण हाताने परसात पसरतो. दोन वर्षांनी आत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं खत मिळतं. ते फावड्याने, गमबूट घालून, घरच्या माणसाने काढायचं. नारळाच्या, आंब्याच्या आळ्यात घालून वर माती टाकायची, पालेभाजीला नाही. ताजा मैला उपसायला कोणाही माणसाला खड्ड्यात उतरवायचं नाही. २०१३ च्या कायद्याने ते गुन्हा आहे, आणि माणसाने माणसावर करू नये असंही आहे.

दोन वर्षं झाली की नाही हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून खड्डा बंद केला त्याच दिवशी झाकणावर ऑइलपेंटने ठळक तारीख घाला, आणि झाकण आहे ती जागा घरातल्या लहान मुलांनाही दाखवून ठेवा.